फटफटीचे इंजिन घरी उघडताना

मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी होऊ लागलेली बुलेट आणि म्हैसूरमध्ये १९६१ पासून बनू लागलेली जावा, म्हणजे पुढची येझदी, अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात आजही एखाद्या घरामागे ताडपत्रीखाली सापडते. वडिलांची किंवा आजोबांची ती फटफटी पुन्हा चालू करायची हौस अलीकडे वाढली आहे. सुटे भाग घरपोच मिळतात, हेड कसे उघडायचे ते मोबाइलवर पाहता येते आणि पाने-पक्कड तर घरात असतेच. मग एखाद्या रविवारी इंजिन खाली उतरते, जुन्या परातीत पेट्रोल ओतले जाते आणि सुटे भाग त्यात धुवायला टाकले जातात. नेमके इथेच चुकते. इंजिन घरी उघडणे हा चांगला उद्योग आहे; पण ते ज्या पद्धतीने उघडले जाते, त्यात हौस एकाची असते आणि धोका सगळ्या घराला असतो.

आधी चांगली बाजू. झिजलेले इंजिन मेलेले नसते. पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, उष्णता सर्वांत जास्त असते आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून सिलिंडर खालपेक्षा वर अधिक झिजतो आणि गोल न राहता किंचित लंबगोल होतो. त्यात एअर फिल्टर फाटका असेल, तर रस्त्यावरची बारीक धूळ आत जाऊन पॉलिश पेपरचे काम करते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला, की काय करायचे ते कळते. झीज मर्यादेत असेल तर नव्या रिंगा पुरतात; नसेल तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवावा लागतो. न मोजता पिस्टन बदलणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

हे बोअरिंग घरी होत नाही आणि तसा हट्टही धरू नये. ३५० सीसी बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा आणि बिडाचा असतो, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापमान १०० अंशांनी वाढले, की एवढा पिस्टन सुमारे ०.१६ मिलिमीटरने फुगतो. बिडाचा सिलिंडर त्याच्या निम्माच. हा फरक सामावेल एवढी फट ठेवली नाही, तर भर रस्त्यात पिस्टन जाम होतो, मागचे चाक अडकते आणि चालवणारा फेकला जातो. त्यामुळे बोअरिंग आणि क्रँकचे काम सोलापूरच्या चांगल्या वर्कशॉपकडे सोपवावे. उघडणे, साफ करणे, मोजणे आणि जोडणे घरी करावे. कोणते काम आपले नाही हे ओळखणे हासुद्धा कारागिरीचाच भाग आहे.

आता परातीतल्या पेट्रोलविषयी. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरत स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या निरांजनापर्यंत पोहोचते. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो याविषयी वैद्यकशास्त्रात आता शंका उरलेली नाही. ते श्वासातून शरीरात जाते आणि थोड्या प्रमाणात कातडीतूनही.

यावर ‘मग रॉकेल वापरू’ हे उत्तर ठरलेले असते. रॉकेल पेट्रोलपेक्षा नक्कीच बरे, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यालाही मर्यादा आहे. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे त्याहून अधिक तापमानात त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. मे महिन्यात इथे सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईत जानेवारीत जे सुरक्षित, ते अक्कलकोटमध्ये मे महिन्याच्या दुपारी सुरक्षित राहत नाही. उन्हाच्या तडाख्यामुळे दारे-खिडक्याही नेमक्या त्याच वेळी बंद असतात. भाग धुवायचे तर सकाळी, मोकळ्या अंगणात, आणि शक्यतो पाण्यात मिसळणाऱ्या डिग्रीझरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने. पुसून लगेच ऑइलचा हात फिरवला, की गंज चढत नाही.

नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढण्याची सवय तर ताबडतोब मोडली पाहिजे. पेट्रोलचा छोटासा घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते, आणि त्रास काही तासांनी वाढू शकतो. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे अत्यंत घातक, कारण वर येताना तेच पेट्रोल पुन्हा फुप्फुसात उतरू शकते. उलटी न करवता थेट रुग्णालय गाठायचे. टाकी रिकामी करायला हातपंप मिळतो आणि तो महागही नसतो.

जुन्या, काळ्या पडलेल्या ऑइलला तर आपल्याकडे औषधाचाच मान आहे. वाळवीसाठी ते लाकडाला लावतात, काही ठिकाणी खरूज झालेल्या जनावरांनाही चोपडतात. इंजिनमध्ये वापरल्या गेलेल्या ऑइलमध्ये जळलेल्या इंधनातली कर्करोगकारक संयुगे साठत जातात, आणि असे ऑइल वारंवार लावल्यास उंदरांच्या त्वचेवर गाठी येतात हे प्रयोगांत दिसले आहे. माणसांमधला पुरावा त्याहून जुना आहे आणि गिरण्यांच्या सोलापूरला तो जवळचा वाटावा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घातलेले खनिज तेल कामगारांच्या विजारींवर उडे. वर्षानुवर्षे तेलाने भिजलेले कपडे अंगावर वागवणाऱ्या या कामगारांना वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होऊ लागला. अखेर १९५३ मध्ये ब्रिटनने त्या यंत्रांसाठी कोणते तेल वापरायचे याचे नियम केले. तेलकट चिंधी मागच्या खिशात खोचून काम करणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा. ते कपडे घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुतले जाऊ नयेत, आणि ते धुण्याचे काम घरातल्या बाईवर ढकलले जाऊ नये.

पंचवीस-तीस वर्षे बंद असलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबले. त्याआधी उभ्या राहिलेल्या गाडीच्या हेडवर आणि पिस्टनवर जमलेल्या काजळीत शिसे असू शकते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे अपायकारक असते आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ठरवता आलेली नाही. दुसरी गोष्ट ॲस्बेस्टॉस. जुन्या ब्रेक लायनरांत आणि गॅस्केटांत ते सर्रास असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले तर तिथेच राहतात. म्हणून काजळी किंवा गॅस्केट कोरडे खरवडू नये, तारेच्या ब्रशने धूळ उडवू नये, तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नये. भाग ओला करून पुसावा, चिंध्या पिशवीत बंद कराव्यात आणि काम चालू असेपर्यंत मुलांना तिथून दूर ठेवावे.

शेवटची पायरी सर्वांत आनंदाची, आणि जीव घेऊ शकणारीही. जोडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू होते ते बहुधा रात्री आणि बंद खोलीत. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला प्रदूषण चाचणीत धुरातले कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे चाचणीत उत्तीर्ण होणारी बुलेटसुद्धा दहा फूट लांब-रुंद-उंच बंद खोलीत नुसती चालू ठेवली, तर ढोबळ हिशेबाने दहा-पंधरा मिनिटांत तिथली हवा जिवाला धोका होण्याइतकी विषारी होते. या वायूला वास नसतो. डोके जड होते, मळमळते, आणि माणूस ते थकव्यावर ढकलतो. इंजिन सुरू करायचे ते उघड्यावरच.

‘गॅरेजवाल्यांनी जन्मभर पेट्रोलने हात धुतले, त्यांना काय झाले?’ असा प्रश्न हमखास येतो. जे ठणठणीत आहेत ते समोर दिसतात. ज्यांना त्रास झाला त्यांच्या आजाराचा संबंध वीस वर्षांपूर्वीच्या परातीशी कोणी जोडत नाही. आणि धोका घरच्या हौशी माणसापेक्षा त्या कारागिराला कितीतरी अधिक आहे, म्हणून सवय तिथेही बदलायला हवी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या जगवायच्याच कशाला? झिजलेल्या रिंगांतून ऑइल जाळणारे इंजिन दुरुस्त झाले की त्याचा धूर कमी होतो, पण ते आजच्या इंजिनाची बरोबरी करू शकत नाही. त्यामुळे अशी गाडी रोजच्या फेऱ्यांसाठी वापरू नये. ती जपावी आणि अधूनमधून चालवावी.

या सगळ्याला लागते काय? नायट्राइलचे हातमोजे, हातपंप, झाकणाचा डबा आणि मोकळे अंगण. हात तेलकट झाले तर आधी गोडेतेल चोळून मग साबण लावावा. काढलेले ऑइल डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जावे. ते गटारात ओतले तर पुढे ओढ्यात जाते, आणि कुरनूर धरणाच्या पाण्यावर डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला ही उधळपट्टी परवडणारी नाही. पिस्टन-रिंगांवर हजारो रुपये घालणाऱ्याने हातमोज्यांवर शंभर-दोनशे खर्च करताना हात आखडू नये. इंजिनाला दुसऱ्यांदा बोअर करता येते. फुप्फुसाला ओव्हरसाइझ भाग मिळत नाही.