पुण्याचे कासव कोणी मारले?

१८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मऊ पाठीच्या एका कासवाची पहिली शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या नमुन्यावरून. नाव पडले लीथचे कासव. पण ते आपले आहे. भीमा, कृष्णा, गोदावरी, कावेरी ही त्याची घरे. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. ते आता कितीजणांना दिसणार? तीस वर्षांत संख्या नव्वद टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२२ साली खुद्द केंद्र सरकारने सांगितला!

हा खून आहे, आणि खुनी अनोळखी नाहीत.

हे कासव अंडी नदीकाठी पुरते, चाहूल लागली की स्वतः वाळूत दडते. वाळू गेली की त्याचे घर आणि पाळणा दोन्ही गेले. ती वाळू रात्रीच्या अंधारात सक्शन बोटी ओरबाडतात. भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यात महसूल खाते अधूनमधून बोटी जिलेटीनने उडवते, फोटो छापून येतात, आणि काही दिवसांत नव्या बोटी तिथेच घरघरू लागतात. डंपर गावच्या रस्त्यावरून जातात. ते गावाला दिसतात आणि तलाठ्याला दिसत नाहीत, यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही! बोटीवरचा मजूर पकडून भागणार नाही, बोटीचा मालक गजाआड गेला पाहिजे.

मऊ पाठीची कासवे कातडीतून, घशातूनही पाण्यातला प्राणवायू घेतात. मुळा-मुठेत आपण त्यांच्या घशात मैला ओततो. वरून मांसासाठी आणि पाठीच्या कडेच्या कूर्चेसाठी शिकार. देवळात शिरताच कासवाला हात लावून कपाळाला लावणारा हा समाज, त्याला नदीतल्या जिवंत कासवाची लाज कशी वाटत नाही?

२०२२ साली पनामात भरलेल्या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताने या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मिळवली. चांगले केले. पण भीमेच्या पात्रातला दरोडा पनामाने थांबवायचा नाही. तो मुंबईतल्या मंत्रालयाने आणि पुणे-सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी थांबवायचा आहे.

वाळूचा प्रत्येक ठेका देण्यापूर्वी त्या पात्रात कासवांची पाहणी झाली काय? झाली असेल तर कागद जनतेसमोर ठेवा. झाली नसेल तर ते ठेके आजच्या आज रद्द करा!