आजीला सोडून सोन्यामागे

कशेडीचा घाट उतरला की खेड, आणि खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड. आता बोगदा झाल्यापासून तर पोलादपूरच्या माणसाला हे गाव शेजारच्या आळीतले वाटावे. श्री. ना. पेंडशांनी १९८७ साली ‘तुंबाडचे खोत’ लिहून ते मराठी वाचकाच्या घरात आणले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात राही अनिल बर्वे यांच्या हिंदी चित्रपटाने त्याचे नाव देशभर नेले.

त्या चित्रपटाचे कौतुक पुष्कळ झाले. व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक गर्दी लोटली. पंकज कुमार यांनी टिपलेला पाऊस पाहताना खुर्चीत बसल्या बसल्या अंगाला ओल सुटते. अशा चित्रपटाने माझी निराशा केली असे म्हणणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून जिलबी कच्ची आहे म्हणण्यासारखे आहे. तरीही म्हणतो.

चित्रपटाचे नाव पेंडशांकडून आले असले, तरी बीज आहे नारायण धारपांच्या ‘आजी’ या भयकथेचे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने आपल्याला ती गोष्ट सांगितली, असे बर्व्यांनीच सांगितले आहे. धारपांच्या कथेमागे पुन्हा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची १९८४ सालची ‘ग्रॅमा’ उभी. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी आधी पुण्याच्या धारपांकडे आली, तिथून जंगलातल्या गप्पांत शिरली आणि शेवटी तुंबाडात पोचली. यात गैर काही नाही. भुताच्या गोष्टी अशाच तोंडातोंडी फिरतात. परदेशी भुते मराठी घरात नांदती करण्यात तर धारपांचा हातखंडा होता.

प्रश्न एवढाच, की या प्रवासात गोष्टीचा जीव शाबूत राहिला का?

तो जीव अगदी साधा आहे. किंगच्या कथेत मोठ्या भावाचा पाय मोडतो, आई त्याच्यासाठी इस्पितळात धावते, आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा राहतो. राक्षस नाही, तळघर नाही. आजी म्हटले की मांडी, गोधडी, खाऊ. जगातली सर्वांत निर्भय जागा. तीच जागा भीतीची झाली तर पोराने पळायचे कुणाच्या कुशीत? शिवाय त्याला पळताही येत नाही. आजीची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे. तिने हाक मारली तर गेलेच पाहिजे. ज्याची शुश्रूषा करायची त्याचीच धास्ती वाटावी, आणि तसे वाटते म्हणून पुन्हा लाजही वाटावी, हा पेच भूतखेतांवर विश्वास नसणाऱ्यालाही सोडत नाही.

गंमत अशी, की चित्रपटाला हे सारे कळलेले आहे. त्याचा १९१८ सालचा पहिला भाग पाहा. धाकटा सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि साखळदंडात ठेवलेल्या त्या भयंकर म्हातारीला जेवू घालण्याचे काम विनायकवर येते. हस्तरचे नाव घेऊन तिला झोपवायचे, हे आईने शिकवलेले; पण ऐन वेळी ते शब्द त्या पोराच्या ओठांवर येत नाहीत. त्या क्षणी प्रेक्षागृहात कुणी शेंगदाणा फोडणार नाही.

मग आई विनायकला घेऊन पुण्याला निघते, आणि चित्रपटही तिच्या मागोमाग गाव सोडतो. १९३३ साली विनायक परततो तो सोन्यासाठी. आजी अजून जिवंत, तिच्या अंगातून झाड उगवलेले. पण आता ती उरली आहे ठेव्याची वाट सांगण्यापुरती. पुढे विहीर, दोर, पिठाचे रिंगण, पिठाची बाहुली, हस्तरच्या लंगोटीतली नाणी. सगळे नेटके, सगळे नियमबद्ध. हस्तर कोण, कुणाचा मुलगा, त्याला अन्न का वर्ज्य, हेही आरंभीच पुराण सांगितल्यासारखे सांगून टाकलेले. कथेत भय होते, चित्रपटात भयाची नियमावली आहे. १९४७ च्या तिसऱ्या भागात एक बाहुली नेण्याऐवजी पुष्कळ नेल्या तर, असा हिशेब बापलेक मांडतात तेव्हा मला भीती न वाटता अंकगणित आठवले. हाव वाईट हे खरेच; पण ते सांगायला आजीची गोष्ट कशाला हवी होती?

आणि या गोष्टीला आमच्या मुलखाइतका योग्य मुलूख दुसरा नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. मागे घर सांभाळायला कोण, तर आजी आणि नातवंडे. आषाढात वहाळ भरला, वीज गेली, की त्या घरातून बाहेर पडायला वाट नसते. चित्रपटात पाऊस पडतो तो देवांच्या कोपाने. आमचा पाऊस कुणाच्या शापाने पडत नाही. तो दरसाल येतो, शेत पिकवतो, आणि २२ जुलै २०२१ ला तळियेत केले तसेही करतो. शापाला निदान काही कारण असते.

घराचेही तेच. पडद्यावरचा तो प्रचंड वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. घाटावरचा दगड, घाटावरची ऐट. कोकणातल्या घराची भीती उंच भिंतींत नसते. ती पडवीतून माजघराकडे जाताना अधिक काळोख होत जातो, त्या दहा पावलांत असते.

धारपांच्या आजीवरचा खरा चित्रपट अजून व्हायचा आहे. त्याला व्हेनिसपर्यंत जायची गरज नाही आणि खर्चही बेताचाच येईल. कौलांवर वाजणारा पाऊस, एक कंदील, माजघरात एक बाज. आणि उंबरठ्यावर पेजेची वाटी घेऊन उभे असलेले आठ-नऊ वर्षांचे पोर. आतून हाक आली आहे, आणि आवाज आजीचाच आहे.