राखेखालचा निखारा

गेल्या वैशाख अमावास्येच्या सुमारास सुटीतील काही मुलांस घेऊन आम्ही रात्री लालबाग राजवाड्याच्या फाटकाबाहेर तारे दाखवीत उभे होतो. आग्नेयेस वृश्चिक वर आला होता. तांबूस ज्येष्ठा मुलांनी चटकन ओळखली. इतक्यात मागून प्रश्न आला, "सर, तिच्या जरा वर काय आहे?"

विचारणारा आमचाच जुना विद्यार्थी. नववीत दोनदा नापास झाल्यावर "याला दुकानावर बसवा" असे त्याच्या वडिलांस आम्हीच सांगितले होते. दुकान बंद करून तो सहज येऊन उभा राहिला होता. "काही नाही, अंधार आहे," असे आम्ही उत्तरलो.

घरी येऊन वाचले, तेव्हा आमचे अज्ञान उघडे पडले. त्या अंधारात भुजंगधारीचा ऱ्हो मेघ आहे. तो सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर असून त्यात आजही तारे जन्मत आहेत. भोवतालची धूळ त्यांचा प्रकाश गिळते, तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. शिवाय या किरणांची तरंगलांबी मोठी असल्याने ते धुळीतून पुष्कळसे पारही होतात. शेगडीतील राखेखालचा निखारा डोळ्यांस दिसत नाही, पण वर धरलेल्या तळहातास कळतो, तसेच हे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली तांबड्या रंगापलीकडे तापमापी ठेवून हे किरण प्रथम ओळखले.

हवेतील बाष्प या किरणांपैकी बराच भाग शोषून घेते, म्हणून त्यांच्या वेधशाळा उंचावर असतात. आपल्याला जवळची म्हणजे आबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटरची दुर्बीण. आपल्या इंदूरात जन्मलेल्या मानसी कासलीवाल यांनीही अमेरिकेतील पालोमार पर्वतावरून अवरक्त आकाशपाहणीचे काम केले आहे. याहून उत्तम स्थान अवकाशात. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले ऱ्हो मेघाचे छायाचित्र १२ जुलै २०२३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ५० तरुण तारे आहेत, बहुतेक सूर्याएवढे किंवा त्याहूनही लहान.

वाचता वाचता एका ठिकाणी मात्र आम्ही थबकलो. थोराड तारे लवकर पेटतात आणि काही दशलक्ष किंवा काही कोटी वर्षांत संपतात. सूर्यासारख्या लहान ताऱ्यास नीट प्रज्वलित होण्यासच काही कोटी वर्षे लागतात. पण मग तो अब्जावधी वर्षे तेवतो. आपली पृथ्वी अशाच एका सावकाश ताऱ्याच्या उबेवर जगते आहे.

तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या; पण आम्ही जे डोळ्यांस दिसले तेवढ्यालाच गुण दिले. वर हात धरून ऊब पाहण्याचे सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानावर गेलो. मुलास त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर सांगितले, वडिलांस आमची चूक सांगितली आणि मुलाचे नाव पुन्हा शाळेत घालण्याची विनंती केली. ते म्हणाले, "सर, आता त्याच्यावाचून दुकान चालत नाही. विचार करून सांगतो."

शाळा उघडली आहे. त्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.