स्वभावावर घातलेला आळ

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळाकडून पायक्रॉफ्ट्स रोडला लागले, की पदपथावर जुन्या ग्रंथांचे ढीग दिसू लागतात. या अंकाची जुळवाजुळव चालू असता त्यांतच हान्स आयसेंक यांचे १९५७ सालचे ‘सेन्स अँड नॉनसेन्स इन सायकॉलॉजी’ हाती आले, आणि पुराव्यावाचून काही मानू नये ही शिस्त ज्या ग्रंथकाराने आम्हांस लावली, त्याच्याच कीर्तीचा हिशेब मांडणे भाग पडले.

बर्लिनमध्ये १९१६ साली जन्मलेले आणि नाझी अमलामुळे १९३४ साली देशत्याग केलेले आयसेंक लंडनला प्राध्यापक झाले, आणि अंतर्मुखता, बहिर्मुखता व भावनिक अस्थैर्य यांच्या मापांनी त्यांनी मनुष्यस्वभाव मोजला. मानसोपचारांनी रोगी बरे होतात याला दाखला काय, हा त्यांचा १९५२ सालचा रोकडा सवाल आजही आम्हांस मोलाचा वाटतो. वंश आणि बुद्धी यांविषयीच्या त्यांच्या १९७१ सालच्या पुस्तकाने उसळलेला क्षोभ सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या मते त्यांचा खरा अपराध निराळाच होता.

ग्रोसार्थ-माटिचेक या सहकाऱ्याने क्रवेंका व हायडलबर्ग येथे जमविलेल्या नोंदींवर भिस्त ठेवून, भावना दडपणारा हताश मनुष्य कर्करोगाने मरण्याचा संभव निकोप स्वभावाच्या मनुष्याहून १२१ पट अधिक, असे अचाट विधान आयसेंक यांनी जगापुढे ठेवले. आणि तेही तंबाखूच्या कारखानदारांचा पैसा स्वीकारीत असता! पेलोसी व अ‍ॅपलबी या संशोधकांनी १९९२ सालीच हरकत घेतली होती, तरी लंडनच्या किंग्ज कॉलेजची चौकशी होऊन आयसेंक व ग्रोसार्थ-माटिचेक यांचे २६ निबंध अविश्वसनीय ठरण्यास २०१९ साल उजाडले. तोवर आयसेंक निवर्तून २२ वर्षे लोटली होती. पुढल्या वर्षी १४ निबंध रद्दबातल झाले.

दुसऱ्यांकडे दाखला मागणाऱ्याने स्वतःच्या दफ्तराची झडती घेतली नाही, याचे दुःख विद्वानांना होईल; आमचे मन मात्र येथून जवळच, अड्यारला, मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेल्या माणसांकडे वळते. देहाच्या यातना भोगीत असताना, ‘मनात कुढत राहिलात, म्हणून हे झाले’ असे आप्तांकडून ऐकणे, हा निरपराध्यावर घातलेला आळ आहे.

वाचकहो, या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन अशा रोग्याच्या घरी जाल, तेव्हा त्याच्या स्वभावाची चिकित्सा करू नका. त्याच्याजवळ घटकाभर बसा.