दिलगिरी की माफी?

१ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई याला प्राण गमवावे लागले. निकामी झालेले अमेरिकी विमान परवानगीवाचून हाइनान बेटावर उतरले आणि त्यातील २४ जण चीनच्या ताब्यात गेले. पुढे अकरा दिवस दोन बलाढ्य राष्ट्रांतील वाद एका शब्दापाशी अडून राहिला. चीनला हवी होती 'दाओछ्येन', म्हणजे चूक कबूल करून मागितलेली माफी. चूक आपली नव्हेच, असा अमेरिकेचा पवित्रा होता.

अखेर ११ एप्रिल रोजी अमेरिकी राजदूत जोसेफ प्रूहर यांनी दिलेल्या पत्रात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा आले: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा तोंडी परवानगीशिवाय विमान उतरल्याबद्दल. चिनी वृत्तसंस्थेने त्यांतून तीव्र दिलगिरीचा अर्थ काढला. ही माफी नव्हेच, असे अमेरिकेने बजावले. दोघांचाही मान राहिला आणि माणसे घरी परतली.

मुत्सद्द्यांना तारणारी ही संदिग्धता विद्यार्थ्याला मात्र बुडविते. चिनी विद्यार्थी 'सॉरी' म्हणजे 'दुइबुछी' असे पाठ करतो. परंतु 'दुइबुछी' या शब्दात स्वतःचा दोष गृहीत असतो. त्यामुळे त्याच्या घरी मृत्यू घडल्यावर एखादा इंग्रज 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणाला, तर 'यात तुमचा काय दोष?' असे तो गोंधळून विचारतो. चिनी 'युआनल्यांग' हा शब्द लहानमोठ्या दोन्ही अपराधांना चालतो. इंग्रजी 'फर्गिव्ह' सहसा खोल जखमेसाठी राखलेला असतो. पाच मिनिटांच्या उशिरासाठी 'फर्गिव्ह मी' म्हणणारा विद्यार्थी नम्र न वाटता नाटकी वाटतो. वाट मागताना 'एक्स्क्यूज मी', पाय तुडविल्यावर 'सॉरी', कार्यालयीन पत्रात 'अपॉलजाइज' हा विवेक शब्दांच्या जोड्या लावून येत नाही.

मराठी वाचकाला हे कोडे परके नाही. सभागृहात 'दिलगिरी' व्यक्त करणारा सदस्य 'माफी' मागावयास सहसा तयार नसतो, आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक असते. पहिल्या शब्दात खेद आहे. दुसऱ्यात दोषाची कबुली आहे.

२००१ मध्येच चीनने प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण जाहीर केले. मोठ्या वर्गात शब्दांच्या याद्या पाठ करून घेणे सोपे आणि स्वस्त पडते, हे कोणताही शिक्षक मान्य करील. परंतु या स्वस्ताईची किंमत विद्यार्थी पुढे परक्या माणसांत वावरताना मोजतो. म्हणून शब्दाबरोबर प्रसंगही शिकविला पाहिजे: दोष कोणाचा, हानी केवढी, समोरचा कोण. एवढे उमगले, तर नेमका शब्द सापडणे अवघड नाही.