तबकड्यांची रद्दी

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून सध्या दोन वस्तू नेमाने बाहेर पडत आहेत. एक पितळेची भांडी आणि दुसरी ग्रामोफोनच्या तबकड्या. वाडा पाडून तेथे फ्लॅट उठायचे असतात, मुले पुण्याला नाहीतर परदेशी स्थायिक झालेली असतात आणि माळा मोकळा करणे भाग असते. त्यात गैर काहीच नाही. पण पितळेचा भाव घरात सर्वांना ठाऊक असतो. तबकड्या मात्र वर्तमानपत्रांबरोबर पस्तीवाल्याच्या काट्यावर चढतात.

या तबकड्या शोधीत मी गेली वीस वर्षे जुन्या बाजारातून आणि भंगाराच्या दुकानांतून हिंडतो आहे. संगीतशिक्षकाचा हा नुसता छंद नव्हे, गरज आहे. दुकानदारही आता चतुर झाले आहेत. आर. डी. बर्मनची लाँगप्ले हाती आली की ती काचेआड जाते आणि तिची किंमत ऐकून माणूस दोन पावले मागे सरतो. ख्यालाच्या ७८ गतीच्या तबकड्या मात्र खाली फरशीवर, एकीवर एक आडव्या रचलेल्या. लाखेची वस्तू ती, भाराने तडकते. एखादा हौशी विक्रेता स्पिरिटने पुसून तिला चकचकीत करू जातो. लाख स्पिरिटात विरघळते हे त्याच्या गावीही नसते!

चार वर्षांपूर्वी अशाच एका ढिगात मला एक पेटी मिळाली. पाकिटांवर कोणा गृहस्थाने मोडीत रागाचे नाव आणि खरेदीची तारीख लिहून ठेवली होती. कोणती बाजू पाहुण्यांना ऐकवावी याचीही सूचना होती. म्हणजे एका बडोदेकर घराच्या रसिकतेची ती वहीच म्हणा ना. पण निम्मी पाकिटे रिकामी होती. त्यांतील तबकड्या बाहेरगावचा कोणी संग्राहक निवडून घेऊन गेला होता. संग्राहकांना मी दोष देत नाही. ते नसते तर उरले तेही उरले नसते. परंतु त्यांना तबकडी हवी असते, घर नको असते.

हे सारे आता मोबाइलवर फुकट ऐकायला मिळते, असे शिष्यांचे पालक मला समजावतात. मिळते खरे, पण काय मिळते? १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले. त्यापूर्वी कोरणारे यंत्र नेमके ७८ नेच फिरत असे, असे नाही. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली की गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि लयही तितकीच धावते. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, भरदार आवाज पातळ होतो, आणि आमचा शिष्य त्याच पातळ आवाजाची नक्कल करतो. शिवाय तबकडीचा क्रमांक गायब, रागाचे नाव अंदाजाने ठोकलेले. माझे वडील दरबारचे गवई; मी त्यांचे उतारवयातले अपत्य. चावीच्या फोनोवर तबकडी ठेवण्याआधी ते तंबोरा जुळवीत आणि मग गतीचा स्क्रू फिरवीत. ज्यांना त्यांनी समोर बसून ऐकले होते, त्यांची पट्टी त्यांच्या कानात होती. ती सोय आता राहिली नाही. म्हणून तर मूळ तबकडी हाताशी हवी. ती पुन्हा तपासता येते.

आणि बडोद्याने तरी हे विसरू नये. भास्करबुवा बखले येथे शिकले. त्यांची एकही तबकडी निघाली नाही, तेव्हा त्यांचे गाणे आपण केवळ आठवणींतून वाचतो. हिराबाईंच्या तबकड्यांनी ‘बडोदेकर’ हे नाव देशभर नेले. फैयाजखाँसाहेब १९५० साली येथेच वारले. त्यांची जयजयवंती आणि नटबिहाग आहेत म्हणून तीन-साडेतीन मिनिटांत राग कसा उभा करावा हे मी विद्यार्थ्यांना दाखवू शकतो. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ बडोद्यात जन्मले. १९०९ साली त्यांनी गायिलेल्या तबकड्या १९९४ साली दोन सीडींवर पुन्हा निघाल्या. तो संच मला शेवउसळीच्या एका प्लेटच्या किमतीत मिळाला, कारण घरात सीडी वाजवायचे यंत्रच उरले नव्हते. सीडीही आता त्याच काट्यावर चढू लागल्या आहेत.

१८८६ साली मौलाबक्षांनी ज्या गावात गायनशाळा काढली आणि जिची परंपरा आज विद्यापीठाची फॅकल्टी चालवते, त्या गावात जुन्या तबकड्या आणून ऐकता, योग्य पट्टीत उतरवता आणि नोंदवता येतील अशी एक खोली सर्वांसाठी असावी. विद्यापीठाने ती द्यावी. न दिल्यास आपल्या मराठी संस्थांनी द्यावी. गणेशोत्सवाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तबकडी घरमालकाचीच राहील, उतरवून झाली की परत घेऊन जावी. मग ती विका नाहीतर ठेवा.

तोपर्यंत माळा आवरणाऱ्यांना एवढीच विनंती, की पेटी फोडू नये, तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि पस्तीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या गाणाऱ्याला घरी बोलवावे. चहाखेरीज त्याचा काही खर्च नाही.