मामा, ती नक्कल नाही!

गेल्या रविवारी सगळे जेवायला जमले होते, तेव्हा पोर्तोचे फोटो दाखवत होतो. फ्रांसेझिन्याचा फोटो आला आणि मामा म्हणाले, "हे कसलं रे पोर्तुगीज? फ्रेंचांच्या सँडविचची नक्कल. वर रस्सा ओतला की झालं पारंपरिक!" सगळे हसले. मीही हसलो... आणि तेच तेव्हापासून डाचतंय. म्हणून ही पोस्ट. मामा, तुम्ही वाचणार हे माहीत आहे, रागावू नका.

नावच मुळी 'छोटी फ्रेंच बाई', म्हणजे लपवाछपवी काहीच नाही. फ्रान्स-बेल्जियममध्ये राहून परतलेल्या दानिएल दा सिल्व्हाने १९५०च्या दशकात पोर्तोच्या 'रेगालेइरा'त ती केली, असं सांगतात. डोक्यात होतं फ्रेंच क्रोक-मस्यू. पण त्यात काय असतं? पाव, हॅम, चीज. कोरडं प्रकरण. पोर्तोत पावाच्या आत हॅम, लिंग्विसा, ताजं सॉसेज आणि वर स्टेक, बाहेरून चीज वितळवलेलं आणि मग तो सॉस! टोमॅटो, बिअर, मिरचीचा झणका. पाव त्यात भिजून मऊ होतो, हातात धरताच येत नाही, काटा-सुरीने खायचं. भोवतीचे फ्राईजही त्यातच बुडवायचे. पहिल्यांदा मी शहाणपणाने सॉस बाजूला मागितला होता. वेटरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण मिसळ बिनकटाची मागणाऱ्याकडे पाहतो :)

तिथे भांडणं होतात ती कुणाचा सॉस चांगला यावर. जो तो आपली कृती दडवून ठेवतो. फ्रान्सचं नावही कुणी काढत नाही.

आता 'पारंपरिक'. सत्तरेक वर्षांच्या पदार्थाला हा शब्द जरा जड होतो, हे मान्य. पण मग आपला वडापाव? तो तर हिच्याहून धाकटा, १९६०च्या दशकातला. पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटाही पोर्तुगीज, आणि मिरची त्यांच्याच गलबतांतून आलेली. बेसन तेवढं आपलं! दादर स्टेशनबाहेर उभं राहून मामा कधी म्हणाले का, "ही नक्कल आहे, नको मला"? दोन खाऊन तिसरा बांधून घेतात!

असो. येत्या रविवारी घरी करून बघणार आहे, स्टेकऐवजी चिकन घालून. (त्याला मात्र खुशाल नक्कल म्हणा.) मामा, नक्की या. फक्त सॉस बाजूला मागू नका.